आधी भावाला विचारलंत का?

पत्र थोडक्यात असं: ठाण्याच्या एका वाचक भगिनी लिहितात. वय ५४, ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडचं मूळचं ख्रिस्ती) कॅथलिक घर, पाठचा एकच भाऊ, तो नेरुळला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटची चार वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं यांनीच केलं. आईच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर, सगळे जेवायला बसले असताना गावठाणातल्या घराचा विषय निघाला. भाऊ म्हणाला, "तू जवळ होतीस, म्हणून सगळं तुझ्याच हातात आलं." या म्हणाल्या, "डायपर बदलायला जवळ कोण होतं, तेही सांग सगळ्यांना." तो ताटावरून उठून गेला. तेव्हापासून अबोला. "मी मोठी आहे, पहिला फोन त्याने करायला हवा," असं त्यांना वाटतं. प्रार्थनागटातल्या मैत्रिणीने त्यांना संत बेनेडिक्ट आणि संत स्कॉलास्टिका या भावंडांच्या नोव्हेनाचं, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं, पत्रक दिलं. स्कॉलास्टिकाने प्रार्थनेने वादळ आणून भावाला अडवलं, तसा तुझाही भाऊ वितळेल, असं ती म्हणाली. मागच्या वर्षी नोव्हेना केली, पण सहाव्या दिवशी ताप आला आणि खंड पडला. पुढे "भावाला सुबुद्धी मिळावी" म्हणून मिस्साही मागितली. काहीच घडलं नाही. स्कॉलास्टिकाचा सण १० फेब्रुवारीला, तर यंदा १ फेब्रुवारीपासून पुन्हा पहिल्यापासून करू का? खंड पडल्यामुळेच फळ मिळालं नाही का? भाऊ चर्चला जायचा बंद झालाय. त्याला न सांगता त्याच्यासाठी हे करणं योग्य आहे का, की पत्रक त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकू? शेवटी ताजा कलम: "२ नोव्हेंबरला आईच्या कबरीवर गेले, तर कुणीतरी आधीच मेणबत्ती लावलेली होती. आणि मे महिन्यात बॉटल मसाला केला तेव्हा सवयीने त्याच्या दोन बाटल्या वेगळ्या भरल्या. कपाटात आहेत. टाकवत नाहीत."

तुमचं पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं नोव्हेनाची आणि चार ओळी मेणबत्तीच्या नि मसाल्याच्या. माझ्या मते खरं पत्र त्या चार ओळींचंच आहे. तिकडे मग येते.

आधी खंड पडल्याचं उरकून टाकू, कारण त्यात फारसं काही नाही. येशूच्या स्वर्गारोहणानंतर पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसापर्यंत, मरिया आणि प्रेषित माडीवरच्या खोलीत एकत्र प्रार्थना करत राहिले. नोव्हेनाचे नऊ दिवस तिथून आले असं सांगतात. ही खासगी भक्ती आहे. सहाव्या दिवशी ताप आला की आधीचे पाच दिवस बाद, असा चर्चचा नियम कुठेही नाही. उलट, प्रार्थना नुसती वरवर, ठरल्या विधीप्रमाणे पार पडली की फळ मिळतंच, असं मानणं म्हणजे अंधश्रद्धेत पडणं, असं कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच २१११ व्या परिच्छेदात म्हटलं आहे. माझी आजी घरच्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, नऊ चिंचोके मांडायची आणि रोज एक डावीकडून उजवीकडे सरकवायची. एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन सरकवायची आणि म्हणायची, देवाला माझ्यापेक्षा हिशेब चांगला येतो. तेव्हा तुमच्या तापाला दोष देऊ नका. यंदा तेवढे दिवस जमले नाहीत तर १० जुलैला संपेल अशी नोव्हेना करा. ११ जुलैला बेनेडिक्टांचा सण असतो. तेव्हा पाऊसही असतो, वादळाची सोय आपोआप होईल.

चेष्टा बाजूला ठेवते. वादळाचीच गोष्ट नीट बघू, कारण तुमच्या मैत्रिणीने तुम्हाला ती मधूनच सांगितली आहे.

बेनेडिक्ट इटलीतल्या नोर्चाचे. सुमारे ४८० साली जन्मलेले, पुढे मोंते कासिनोच्या डोंगरावर मठ स्थापणारे, आणि मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिणारे. स्कॉलास्टिका त्यांची बहीण. परंपरेने ती जुळी मानली जाते. ज्यांनी ही हकिगत लिहून ठेवली ते पोप ग्रेगरी मात्र जुळी म्हणत नाहीत, लहानपणापासून देवाला वाहिलेली एवढंच सांगतात. ग्रेगरींनी हे लिहिलं ५९३-९४ च्या सुमाराला, म्हणजे दोघांना जाऊन पन्नासेक वर्षं झाल्यावर. ते लिहितात की बहीण वर्षातून एकदा भावाला भेटायला यायची. भाऊ डोंगरावरून खाली उतरायचा, आणि मठाच्या दरवाजापासून जवळच, मठाच्याच मालकीच्या एका घरात दोघं भेटायची.

त्या शेवटच्या भेटीत दिवसभर देवाच्या गोष्टी झाल्या, अंधार पडला, जेवणं झाली, तरी दोघं मेजाशी बोलतच बसलेली होती. मग बहीण म्हणाली, आजची रात्र मला सोडून जाऊ नकोस, सकाळपर्यंत स्वर्गीय जीवनाच्या आनंदाबद्दल बोलत बसू. भाऊ म्हणाला, काय बोलतेस हे? मला मठाबाहेर राहताच येणार नाही. आकाश निरभ्र होतं. बहिणीने बोटांत बोटं गुंफून हात मेजावर ठेवले आणि त्यावर डोकं टेकवलं. तिने डोकं वर केलं तेव्हा विजा, गडगडाट आणि असा पाऊस, की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणं अशक्य. भाऊ चिडला. म्हणाला, देव तुला क्षमा करो, हे काय केलंस? ती म्हणाली, तुला विनवलं, तू ऐकलं नाहीस. माझ्या प्रभूला विनवलं, त्याने ऐकलं. आता जाता आलं तर जा.

आता तुम्हीच सांगा, तिने आधी कुणाला विचारलं?

भावाला. समोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून, सरळ शब्दांत. त्याने तोंडावर नाही म्हटलं, त्यानंतर ती देवाकडे गेली. तुम्ही दोन वर्षांत देवाकडे बऱ्याचदा गेलात, स्कॉलास्टिकाकडे गेलात, फादरांकडे मिस्सा मागायला गेलात, आता माझ्याकडे आलात. चार पानांत एकदाही असं वाचलं नाही की तुम्ही भावाला काही विचारलंत. तुम्हाला त्याच्या नकाराची भीती वाटते हे मला कळतं. पण त्याने अजून नकार दिलेलाच नाही. जो प्रश्न त्याला कुणी विचारला नाही, त्याचं उत्तर तो कसं देणार?

दुसरं, तिने मागितलं काय? भावाने चूक कबूल करावी, त्याला सुबुद्धी मिळावी, असं काही नाही. तिला भावाच्या सोबतीची एक रात्र हवी होती. ग्रेगरी म्हणतात, ती जास्त करू शकली, कारण तिचं प्रेम जास्त होतं. तिचा भाऊ चुकत होता असंही नाही, तो नियमाप्रमाणेच वागत होता. ती त्याला सुधारायला बसलेली नव्हती.

म्हणून त्या "सुबुद्धी"च्या मिस्सेबद्दल एक अप्रिय गोष्ट बोलते. अशा मिस्सेचा हेतू बहुधा वेदीवरून वाचला जातो. तुमच्या धर्मग्रामात तुमच्या भावाला ओळखणारी शंभर माणसं असतील, चुलत-मावस धरून. "अमक्याला सुबुद्धी मिळावी म्हणून" हे त्यांच्या कानांवरून गेलं असेल, तर त्या संध्याकाळपर्यंत ते नेरुळला पोचलं असणार. त्याच्या जागी तुम्ही असतात तर? देवाच्या दारात, लाउडस्पीकरवरून, बहिणीने आपल्याला दुर्बुद्ध ठरवलं, असंच वाटलं असतं ना? हेतू चांगला होता, मान्य. पुढच्या वेळी मिस्सा मागायचीच असेल तर "आम्हा दोघा भावंडांसाठी" एवढंच लिहून द्या. फादरांना तेवढं पुरतं, आणि देवालाही.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि प्रत्येक वेळी उलटं ऐकतो, म्हणजे माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. वचन तसं नाही. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल, तर उठायचं तुम्ही. डायपरचं वाक्य खरं होतं. चार वर्षं तुम्ही जे केलंत ते मी इथे बसून हलकं करणार नाही. अंथरुणातल्या माणसाचं करणं काय असतं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला रात्री उठणं काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच माहीत. पण खरं वाक्यही पंधरा नातेवाइकांसमोर, हातात घास असलेल्या माणसाला लागतं. त्याचं वाक्यही तुम्हाला तसंच लागलं. तुमचं वाक्य त्याच्या मनात अजून असेल की नाही? असेलच.

या गोष्टीत तुम्ही स्वतःला स्कॉलास्टिका समजता आहात. मला तुम्ही बेनेडिक्ट वाटता. नियम कुणाकडे आहे? "मी मोठी, पहिला फोन त्याने करायचा." रात्री मठाबाहेर राहायचं नाही, हा निदान मठाचा नियम होता; तुमचा नियम तुम्ही एकट्यानेच केलेला आहे आणि तुमच्याशिवाय तो कुणालाही माहीत नाही, ज्याने पाळायचा त्यालाही नाही. आपल्याकडे मुक्ताईने ताटी लावून बसलेल्या ज्ञानोबांना बाहेर बोलावलं, ती तर भावंडांत सगळ्यांत धाकटी. तिने मोठेपणाचा हिशेब काढला असता तर ती ताटी बंदच राहिली असती. तुमच्या घरात धाकट्याने बोलवावं अशी अपेक्षा आहे. हरकत नाही. पण कबरीवरची ती मेणबत्ती कुणी लावली असेल? चर्चला न जाणारा एक माणूस मृतांच्या सणाला नेरुळहून ठाण्याला येतो, तुमच्याआधी येऊन, कुणाला न भेटता निघून जातो. तो त्याचा फोनच होता असं मी धरून चालेन. तुम्ही उचललेला नाही.

तो चर्चला जात नाही, म्हणून त्याच्यासाठी प्रार्थना करणं अप्रामाणिक ठरत नाही. तुम्ही त्याच्यासाठी खुशाल प्रार्थना करा, त्याची परवानगी लागत नाही. पण पत्रक पाठवू नका. "भावंडांतला दुरावा दूर करणारी नोव्हेना" असा मथळा, गुलाबाची किनार, खाली "दहा जणांना पाठवा". ज्या माणसाने दोन वर्षांत तुमच्याकडून एक अक्षर ऐकलं नाही, त्याला हे आलं तर तो काय वाचेल? बहिणीला अजूनही मला सुधारायचंय, आणि तेही फॉरवर्ड करून. "दहा जणांना पाठवा" ही ओळ जिथे दिसेल तिथे मी तर तो कागद तसाच ठेवून देते, त्यावर कोणत्याही संताचं चित्र असो.

आता नोव्हेना करायची की नाही? करा की. संतांचा मान राखणं ही आपल्याकडे मोठी सुंदर गोष्ट आहे. आराधना फक्त देवाची, संतांना आपण म्हणतो, आमच्यासाठी विनंती करा. पण त्यांना कामाला लावण्याआधी थोडं त्यांच्यासारखं वागून बघायचं असतं, नाहीतर सण म्हणजे नुसती अर्जांची खिडकी होते.

पत्रकातली लांब प्रार्थना तुम्हाला आवडत असेल तर म्हणा. खुद्द बेनेडिक्टांनी मात्र नियमावलीच्या २० व्या प्रकरणात प्रार्थना शुद्ध आणि थोडक्यात असावी असं सांगितलं आहे, आणि १३ व्या प्रकरणात एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. पहाटेच्या नि संध्याकाळच्या प्रार्थनेचा शेवट मठाच्या प्रमुखाने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "हे आमच्या स्वर्गीय पित्या" पूर्ण म्हणून करायचा. का? तर मठात भांडणाचे काटे उगवत राहतात म्हणून. "जशी आम्ही क्षमा केली आहे तशी आम्हांस क्षमा कर" हा करार दिवसातून दोनदा आपल्याच कानांवर पडला की ते काटे काढायची आठवण राहते. बघा, पंधराशे वर्षांपूर्वीचा संत गृहीत धरून चाललाय की एकत्र राहणारी माणसं रोज भांडणार. मठातली भांडणार, तर गावठाणातली का नाही? त्याच नियमावलीच्या चौथ्या प्रकरणात वाद झाला तर सूर्य मावळायच्या आत समेट कर असंही आहे. तुमचे सातशेच्या वर सूर्य मावळून गेले. असू दे. त्या सूचनेच्या लगेच खाली देवाच्या दयेबद्दल कधीही निराश होऊ नको, असंही लिहिलेलं आहे.

तर माझी नोव्हेना अशी: १ ते ९ फेब्रुवारी, रात्री झोपण्यापूर्वी, आईच्या आल्तारासमोर, एक "हे आमच्या स्वर्गीय पित्या", मोठ्याने. पुटपुटत नाही, मोठ्याने, स्वतःला ऐकू येईल असं. मग भावाची एक आठवण, भांडणाच्या आधीची. नऊ दिवस, नऊ आठवणी. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत आठवणी संपल्यासारख्या वाटतील, तेव्हा जरा डोकं खाजवा. तो तिसरीत असताना सायकलवरून पडला होता का? तुमच्या लग्नात उमराचं पाणी आणायला तो मिरवणुकीत नाचला होता का? मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि नवव्या दिवसाची वाट न बघता, मधल्या एखाद्या दिवशी, त्याला एक साधा निरोप पाठवा.

निरोप कसा? घराचा उल्लेख नाही. माफीचा लंबाचौडा मजकूर नाही, मागण्याचाही नाही आणि देण्याचाही नाही. प्रार्थनेचा उल्लेख नाही. "तुझ्या मसाल्याच्या दोन बाटल्या माझ्याकडे आहेत. १० तारखेला किंवा त्या आठवड्यात कधी देऊ?" बस. मे महिन्यात तुम्ही भाजलेल्या मिरच्यांनी शिंकत, हळदीने पिवळे झालेले हात घेऊन, काठीने दाबून दाबून त्या तपकिरी बाटल्या भरल्यात तेव्हा तुमच्या हातांनी तुमच्या नियमाला विचारलंसुद्धा नाही. आणि बाटलीचं आतलं कारण काहीही असो, तिचं वरचं कारण अगदी रोजचं आहे. माणसाला "भेटायला ये" म्हणणं कठीण असतं, "तुझं सामान घेऊन जा" म्हणणं सोपं.

भेटायचं कुठे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्कॉलास्टिका मठात शिरली नाही, बेनेडिक्ट तिच्या घरी गेले नाहीत. तुम्ही आईच्या घरी भेटू नका. तिथल्या प्रत्येक भिंतीवर वाटणीची रेघ दिसेल. तुमच्या घरीही नको, तिथे यजमान तुम्ही आणि तो पाहुणा. ठाण्याहून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून गाडी पकडा, त्याला नेरुळहून येऊ दे, आणि मध्ये ऐरोली किंवा घणसोलीला स्टेशनबाहेरच्या कुठल्याही साध्या हॉटेलात चहा प्या. जिथे तुम्हा दोघांना कुणी ओळखत नाही, आणि मोठ्याने बोललात तर वेटर वळून बघेल, एवढी मर्यादा आपोआप राहते. भावजय, नवरा, मुलं कुणी नको. तास-दीड तास पुरे. पहिल्या भेटीत क्रिकेट, गुडघेदुखी आणि मुलांच्या नोकऱ्यांवरच बोलणं झालं तरी ती फुकट गेली असं समजू नका.

तो आलाच नाही तर? किंवा "कुरिअर कर" म्हणाला तर? कुरिअर करा, आणि मनापासून करा. स्कॉलास्टिकालासुद्धा भावाने पहिल्यांदा नाहीच म्हटलं होतं. मग तुम्ही खऱ्या अर्थाने तिच्या जागी असाल, आणि तेव्हा हातांवर डोकं टेकवायचा तुमचा हक्क. वादळ येईलच असं मी सांगणार नाही. २६ जुलै २००५ च्या रात्री मी ऐरोलीत अडकले होते आणि जिच्याशी ऑफिसात वर्षभर बोलत नव्हते, तिच्याच घरी तिच्याच साडीत पिठलं-भात खाऊन झोपले. आम्ही पुढे जिवलग मैत्रिणी झालो का? नाही. पण दुसऱ्या दिवसापासून डबा एकत्र खायला लागलो. पाऊस एवढंच करतो.

गावठाणातल्या घराचं मात्र प्रार्थनेत मिसळू नका आणि चहाच्या टेबलावरही आणू नका. आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आहे. आई मृत्युपत्र न करता गेली असेल आणि वडील आधीच गेलेले असतील, तर मुलगा-मुलगी समान वाटेकरी. चार वर्षांच्या सेवेचा वेगळा वाटा कायदा आपोआप देत नाही, आणि तुमच्या जवळ असण्याने त्याचा वाटा कमीही होत नाही. दोघांनाही हे कडू लागेल. प्रॉपर्टी कार्ड काढा, मृत्युपत्र आहे का बघा, दोघांना चालेल असा एक वकील गाठा आणि ते त्या टेबलावर होऊ दे.

हे वाचणाऱ्या बाकीच्या भावंडांसाठीही थोडं. संत म्हटले की त्यांची भावंडं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून असतील, अशी आपली समजूत असते. क्लेअरवोचे संत बर्नार्ड घ्या. सिस्टर्शियन पंथाच्या मठात शिरताना भाऊ आणि सगेसोयरे धरून तीसेक माणसं सोबत घेऊन गेलेला हा माणूस; पण बहीण हंबलिन दागदागिने, नोकरचाकर घेऊन थाटात भेटायला आली, तर हा बाहेरच येईना. दुसऱ्या भावाने तर दारातच तिचा फार घाणेरडा अपमान केला. ती रडली आणि म्हणाली, मी पापी असेन, पण ख्रिस्त पाप्यांसाठीच मेला ना? तेव्हा कुठे बर्नार्ड बाहेर आले. पुढे तीही संन्यासिनी झाली. तिकडे मार्था स्वयंपाकात राबत असताना नुसत्या बसून राहिलेल्या मरियेची तक्रार थेट येशूकडे करते. आईवडिलांचं सगळं एकट्याने करणाऱ्या कुणाही बहिणीला ती तक्रार तोंडपाठ असेल. २०२१ पासून २९ जुलैला मार्था, मरिया आणि लाझरस या तिघा भावंडांची मिळून स्मृती पाळतात. म्हणजे तक्रार करणारी, जिच्याविरुद्ध तक्रार केली ती, आणि ज्याला त्या भांडणातलं काहीच माहीत नसावं तो, असे तिघंही एकाच तारखेला. ज्यांचं भांडण कामाच्या वाटणीवरून आहे त्यांनी ती तारीख धरावी.

आणि ज्यांच्या भावाने किंवा बहिणीने मारहाण केली आहे, फसवून सह्या घेतल्या आहेत, किंवा ज्यांना त्या माणसासमोर बसायचीच भीती वाटते, त्यांनी हे पत्र स्वतःला लावून घेऊ नये. त्यांनी दुरून प्रार्थना करावी आणि दार बंद ठेवावं. ते पाप नाही. तुमच्या पत्रात तसलं काही नाही, म्हणून तुम्हाला एवढं मोकळेपणाने लिहिते आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली, सांगू की नको असा विचार करत होते. त्या वादळी रात्रीनंतर तिसऱ्या दिवशी स्कॉलास्टिका गेली. बेनेडिक्टांना आपल्या कोठडीतून तिचा आत्मा कबुतराच्या रूपात वर जाताना दिसला, असं ग्रेगरी लिहितात. त्यांनी बहिणीला स्वतःसाठी बांधून ठेवलेल्या कबरीत ठेवलं, आणि पुढे तेही तिथेच. मोंते कासिनोचा मठ १५ फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जमीनदोस्त झाला आणि पुन्हा उभा राहिला. दोघांची कबर तिथेच मुख्य वेदीखाली आहे. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. पण ५४ आणि पन्नाशीच्या आसपासचा भाऊ, म्हणजे अजून वेळच वेळ आहे असंही नाही.

बाटल्या कपाटातून काढल्यात की बुचं एकदा घट्ट आहेत ना बघा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि पिशवीत उभ्या ठेवा. ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत आडव्या झाल्या तर डब्यातले सगळे शिंकत बसतील. पण हे मी तुम्हाला काय सांगायचं.